माझं कृष्णविवर आणि नवऱ्याचा चेहरा

माझा नवरा आणि मी एकाच धंद्यात आहोत आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहोत. एकाच गल्लीत समोरासमोर दोन किराणा दुकानं असावीत आणि दोन्ही मालकांनी संध्याकाळी एकाच घरी जेवायला यावं, असा आमचा संसार. त्याच्या गटाचा उपग्रह सगळं आकाश चाळत फिरतो आणि कुठे क्ष-किरणांचा भडका उडालाय का ते बघतो. बघतो म्हणजे आपला वरवर. गर्दीत कोण ओरडलं एवढं कळावं, इतपत. माझी दुर्बीण एका वेळी एकाच ठिकाणी बघते, पण मुळापासून बघते. त्याला कळतं की काहीतरी झालं, मला कळतं की नेमकं काय झालं. हे वाक्य मी घरात जितक्या वेळा बोलले, तितक्या वेळा आमचं भांडण झालं, तरी ते खरंच आहे.

भडका कृष्णविवराचा. कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढत बसलेलं असतं. तो वायू लगेच आत पडत नाही, भोवती चकतीसारखा साठत राहतो. वर्षानुवर्षं सगळं कसं शांत. मग एक दिवस चकतीचं बिनसतं, साठलेला ऐवज आत धावत सुटतो आणि पडता पडता इतका तापतो की आकाशाचा तो कोपरा क्ष-किरणांनी उजळून निघतो. भडक्याचा ऐन जोर सगळ्यांनाच बघायला मिळतो. सुरुवात मात्र कुणाच्या हाती लागत नाही, कारण नवऱ्याच्या गटाला ती आधी दिसते आणि ते पूर्ण खात्री केल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. तोवर सुरुवात संपलेली असते.

जेवणाच्या टेबलावर आकाश आणायचं नाही, असा सासूबाईंचा नियम आहे. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, घरात अजून सेवेत आहेत. नियमाला कारण मी. एकदा नवरा जेवताना सहज म्हणून गेला, "उद्या मला जरा लवकर जायचंय." मी तोंडातला घास तसाच ठेवून फोन लावला आणि त्या आठवड्यात सगळ्यांचा डोळा होता त्या एकाच ताऱ्याकडे दुर्बीण वळवून मोकळी झाले. अंदाज बरोबर निघाला. त्याच्या गटाने त्याला फाडून खायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि त्याच्या प्रमुखाने त्याला सर्वांसमोर सांगितलं, "घरी जाताना चेहरा इथेच काढून ठेवत जा." तेव्हापासून टेबलावर तारे नाहीत, उपग्रह नाहीत, 'उद्या लवकर' नाही. कुणाची जीभ घसरलीच तर सासूबाई ताटलीवर चमचा आपटतात.

आता माझ्या कृष्णविवराबद्दल. माझं म्हणते, कारण ते मी शोधलं. पहिल्याच नोकरीत असताना त्याचा एक भडका माझ्या हाती लागला. त्याचा रंग कृष्णविवराचा, थरथर कृष्णविवराची, उतरण्याची रीत कृष्णविवराची. राहिलं ते फक्त वजन. वजन करतात ते शेजारच्या ताऱ्याच्या फेऱ्यांवरून, आणि तो तारा धुळीच्या पडद्याआड असल्यामुळे वजन करायची सोयच नव्हती. काही शंकेखोर म्हणाले, वजन होईपर्यंत नाव कशाला ठेवता? मी त्यांच्याशी परिषदांमधून भांडले, चहाच्या रांगेत भांडले, एकाशी तर विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ भांडले आणि त्या नादात माझी बॅग दोनदा फिरून गेली. शेवटी शंकेखोर थकले. माझं कृष्णविवर पाठ्यपुस्तकात गेलं आणि मी कायमच्या नोकरीत गेले. मग ते जे झोपलं ते झोपलंच. माझे केस पांढरे झाले, मी ते काळे केले, पुन्हा पांढरे झाले, तरी ते झोपलेलं. माझी धंद्यातली सगळी पत त्या झोपलेल्या वस्तूवर उभी होती, आणि ते उठेल तेव्हा पहिली मी तिथे असेन, एवढीच एक इच्छा मी धरून बसले होते.

त्यासाठी हातात होता एक ट्रिगर. आमच्या दुर्बिणीचं वेळापत्रक कितीतरी आधी ठरलेलं असतं. 'आत्ताच्या आत्ता सगळं सोडा आणि इकडे बघा' असं म्हणायचा हक्क म्हणजे ट्रिगर. तो मला वर्षाला एकच मिळायचा आणि या महिनाअखेरीस संपायचा होता. झोपलेल्या कृष्णविवरावर तो वाया घालवला, तर पुन्हा मागायला येऊ नका, असं समितीने तोंडावर सांगितलं होतं.

त्या दिवशी सकाळी नवऱ्याने मला अंथरुणात चहा आणून दिला.

आमच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. अंथरुणात चहा मिळाला तो फक्त मला ताप असताना, आणि तोही मी दोनदा मागितल्यावर. मी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. स्वयंपाकघरात गेले तर आदल्या दिवशीची भांडी घासून पालथी घातलेली. पातेल्याची बुडंसुद्धा घासलेली. मी ऑम्लेट केलं, ते एका बाजूने करपलं, आणि तो म्हणाला, "असंच खमंग छान लागतं." आणि वर म्हणाला, "तुला हा रंग शोभतो गं." मी त्याचाच जुना, विटका शर्ट घातला होता.

सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. "तुझी तब्येत बरी आहे ना रे?"

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला आणि शिट्टी वाजवायला लागला.

माझी खात्री पटली. याला काहीतरी दिसलंय. आणि जे दिसलंय ते माझ्या कामाचं आहे, म्हणून हा अपराध्यासारखा भांडी घासत सुटलाय. इतपत सरळ होतं. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरून भडका उडालाय एवढं कळतं, कुठे उडालाय ते कळत नाही. जागा कळली नाही तर दुर्बीण वळवणार कुठे?

आमच्या टेबलासमोरच्या भिंतीवर आकाशाचा मोठा नकाशा लावलेला आहे. लग्नात मित्रांनी दिला, म्हणून तो नियमातून सुटला. नवरा रोज त्याच्याकडे तोंड करून बसतो. आज तो माझ्या खुर्चीवर बसला होता, पाठ भिंतीकडे करून.

"ऊठ तिथून. माझी खुर्ची आहे ती," मी म्हटलं.

"आज इथे बसतो ना. बदल म्हणून."

"माझी पाठ दुखते दुसऱ्या खुर्चीवर."

तो निमूटपणे उठून आपल्या जागी बसला. मी समोर बसून त्याचे डोळे बघू लागले. माझं आयुष्यच असल्या कामात गेलंय. त्याने वरचा डावा कोपरा पाहिला, मधला भाग पाहिला, अगदी नकाशाची चौकटही पाहिली. खालच्या उजव्या कोपऱ्याकडे मात्र नजर जायची आणि चटका बसल्यासारखी परत यायची. त्या कोपऱ्यात माझं कृष्णविवर आहे. मी लग्नानंतर तिथे लाल ठिपका काढला होता.

मी साखरेची बरणी उचलून टेबलाच्या त्या टोकाला, बरोबर ठिपक्याखाली ठेवली. "साखर दे रे जरा."

त्याने छताकडे बघत हात लांब केला आणि तो लोण्यात घातला.

सासूबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे आकाशाचं चाललंय का?"

"छे, आई," आम्ही दोघं एकदम म्हणालो. त्यांनी तरीही चमचा आपटला.

मी शर्ट न बदलताच ऑफिसला निघाले. सूर्य नुकताच त्या कोपऱ्यातून सरकला होता. तो तिथे असताना इतर कुणाचे उपग्रह तिकडे बघू धजत नाहीत, नवऱ्याचा बघतो. आता माझ्या दुर्बिणीलाही वाट मोकळी झाली होती. सगळं जुळत होतं. फक्त एक अडचण होती, ट्रिगर वापरताना कारण द्यावं लागतं, आणि 'नवऱ्याने लोण्यात हात घातला' हे कारण कुठल्याही दुर्बिणीला चालत नाही.

आमच्याकडे दुर्बिणीचं वेळापत्रक करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे 'वेळापत्रक' म्हणूनच हाक मारतात, त्यांची मुलंसुद्धा. ठरलेल्या निरीक्षणात कुणी बोट घातलं की त्यांना खरोखर दुखतं, पोटात उजव्या बाजूला. माझा शर्ट बघूनच त्यांनी पोट धरलं.

"नको," ते म्हणाले.

"मी अजून काही बोललेच नाही."

"तुम्ही अशा धावत येता तेव्हा माझा आठवडा मोडतो. आज कोण जागं झालं?"

"अजून कुणी नाही. पण मला वाटतं."

"वाटतं?" त्यांनी पोट आणखी घट्ट धरलं. "बाई, दुर्बीण आत्ता एका आकाशगंगेवर आहे. त्या माणसाने तीन वर्षं वाट पाहिलीय. तुम्हाला वाटतं म्हणून मी त्याला काय सांगू?"

"आकाशगंगा पुढच्या आठवड्यातही तिथेच असते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा."

ते मला ओढत संचालकबाईंकडे घेऊन गेले. आमच्या संचालकबाई बोलत नाहीत, चष्म्यावरून बघतात आणि समोरचा माणूस आपणहून बोलायला लागतो. मीही लागले. महिनाअखेर आलीय, कपाटात ठेवून वाया घालवण्यापेक्षा वापरून वाया जाऊ दे, सूर्य सरकलाय, नेम बरोबर बसेल, असं बरंच काही बोलले. त्या बघतच राहिल्या.

"तुमच्या यजमानांनी काही सांगितलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"एक शब्दही नाही. पाहिजे तर सासूबाईंना फोन लावा."

त्यांनी सासूबाईंना फोन लावला नाही, पण लावावा की काय असा विचार केला, हे मला दिसलं. मग त्या म्हणाल्या, "झोपलेलं निघालं तर पुढच्या वर्षी मला तोंड दाखवू नका." वेळापत्रकांनी डोळे मिटून घेतले आणि आठवडा मोडायला गेले.

दुपारनंतर आकडे यायला लागले. आम्ही तिघं एका पडद्यासमोर उभे होतो. पहिली रेघ उमटली आणि मी ओरडले. ते उठलं होतं! झोपलेलं असताना जेवढं मिणमिणतं त्याच्या कितीतरी पट वर, आणि चढतंच होतं. अगदी सुरुवात. कुणी कधी पाहिली नव्हती अशी सुरुवात. संचालकबाई चक्क हसल्या. वेळापत्रकांचं पोट दुखायचं थांबलं. मला त्या क्षणी नवऱ्याची पापी घ्यावीशी वाटली, लोणी लागलेल्या हाताची सुद्धा.

मी पुढचा मजकूर मनात रचायला लागले. 'कृष्णविवराच्या भडक्याचा उगम प्रथमच.' प्रथमच या शब्दाला मी दोनदा घोळवलं.

मग रेघेने एकाएकी उडी मारली.

सरळ वर, भिंतीसारखी. आणि मग हळूहळू, सावकाश उतार. चहा थंड होतो तसा उतार. वर चढताना क्ष-किरण कडक, म्हणजे जास्त ताकदीचे होते, उतरताना मऊ होत गेले. सगळा खेळ मिनिटभराचासुद्धा नव्हता. रेघ पुन्हा आपल्या जागी येऊन मुकाट चालायला लागली.

संचालकबाईंचं हसू मावळलं. वेळापत्रकांना ते काय होतं ते कळलं नाही असं नाही. त्यांनी असे उतार हजारदा पाहिलेत.

कुठल्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा. कृष्णविवराला पृष्ठभाग नसतो. आत पडलेला वायू जातो तो जातोच, कुठे साठून राहत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याला मात्र पृष्ठभाग असतो. एखाद्या शहराएवढा लहानसा, भयंकर जड गोळा. त्याच्यावर वायूचा थर साचत जातो, साचत जातो, आणि एका क्षणी सबंध थर पेटतो. भिंतीसारखी चढण आणि थंड होत जाणारा उतार. ज्याला पृष्ठभाग नाही त्याला हे जमत नाही.

"शेजारचा एखादा तारा असेल," मी म्हटलं.

"नेम बरोबर मध्यावर आहे," संचालकबाई म्हणाल्या.

"यंत्राला काही झालं असेल," वेळापत्रक म्हणाले. आपल्या यंत्राला नावं ठेवताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. माणूस मनाने फार चांगला आहे.

आम्ही वाट पाहत उभे राहिलो. दिवस उतरणीला लागला तेव्हा रेघेने पुन्हा उडी मारली. तशीच भिंत, तसाच उतार.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. याबद्दल मी आडपडदा ठेवत नाही, चांगली नळ सोडून रडले. विमानतळावरचा तो शंकेखोर आठवला, बॅग आठवली. आयुष्यभर ज्याला मी आपलं कृष्णविवर म्हणून मिरवलं तो एक साधा न्यूट्रॉन तारा होता, ज्याची आकाशात काही टंचाई नाही. आणि मग, नाक पुसता पुसता, मला तो चहा आठवला.

तो आनंद नव्हता! तो अपराधीपणाही नव्हता. माझा नवरा माझं सांत्वन करत होता. त्याच्या उपग्रहाने अशी एखादी उडी पाहिली होती, त्याला कळलं होतं, आणि हा माणूस सकाळपासून भांडी घासून, करपलेलं ऑम्लेट गिळून, माझ्या दुःखाची तयारी करत होता. माझी कीव! माझं डोकंच सणकलं. मी त्याला फोन लावला.

"बोल," तो म्हणाला. आवाज पडलेला.

"मी तुला काही विचारत नाहीये."

"मी काही सांगू शकत नाही."

"सांगूच नकोस. मी दुर्बीण वळवलीय एवढंच सांगते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "जेवलीस का?"

"नाही."

"काहीतरी खाऊन घे गं," असं म्हणून त्याने फोन ठेवला. याला म्हणतात गुपित राखणं! त्याच्या प्रमुखाने ऐकलं असतं तर त्याने याच्या गळ्यात घंटा बांधली असती.

मी परत आले तेव्हा संचालकबाई माझ्या खुर्चीजवळ उभ्या होत्या. "हे आकडे वर्षभर फक्त तुमचे आहेत," त्या म्हणाल्या. "आज काही जाहीर करायची सक्ती नाही. घरी जा, झोपा, सावकाश विचार करा."

त्यांचा हेतू चांगला होता. वर्षभर. वर्षभरात मी दोन परिषदांना जाऊन 'माझं कृष्णविवर' म्हणून भाषण ठोकू शकले असते. मला तो विचार आला, आणि आला तो लगेच गेला नाही, खुर्ची ओढून बसला. पण मला हेही कळत होतं की नवऱ्याचा गट आज ना उद्या जाहीर करणार. मग जगाला ते त्यांच्याकडून कळणार, आणि मी आकडे उशाखाली घेऊन झोपलेली सापडणार. माझं आहे ना? मग त्याची तिरडीही मीच बांधणार. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नव्हते.

मी बसले आणि लिहिलं. इतर धंद्यांतल्या लोकांना वाटतं अशा जाहीर सूचना लांबलचक असतात. दहा ओळी पुरल्या. त्यात लिहिलं की अमुक वस्तूवर पृष्ठभागाचे स्फोट दिसले, म्हणून ती कृष्णविवर नसून न्यूट्रॉन तारा आहे, आणि ती कृष्णविवर आहे हे माझं पूर्वीचं म्हणणं चुकीचं होतं. 'माझं' हा शब्द वेळापत्रकांनी खोडून 'आमचं' केला. पूर्वीच्या कामात ते नव्हतेच. मी परत 'माझं' केलं. संचालकबाईंनी एकदा वाचलं, चष्मा काढला आणि मान हलवली. मी पाठवून दिलं.

संध्याकाळी घरी आले तर नवरा आधीच आलेला. टेबलाशी बसला होता, समोर काही नाही, नुसताच. सासूबाई त्याच्यासमोर हाताची घडी घालून.

"याला याच्या साहेबांनी झापलंय," त्या मला म्हणाल्या. "काय केलंय ते मला सांगत नाही. तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?"

"आता बोलायला हरकत नाही, आई," मी म्हटलं. "जाहीर झालंय." आणि त्याच्याकडे वळले. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"परवापासून."

"परवापासून! आणि तुमचा गट गप्प बसला? एकदा खात्री झाली की तुमच्या प्रमुखाच्या पोटात गोष्ट तासभर टिकत नाही."

तो टेबलावरची रेघ नखाने खरवडायला लागला. "मी अडवून धरलं. शेजारचा तारा असेल म्हटलं. मग यंत्र तपासायला लावलं. मग म्हटलं अजून एक उडी दिसू दे. काल तर मी बैठकीत म्हणालो की माझी पूर्ण खात्री नाही."

"खात्री नव्हती?"

"पहिली उडी बघितली तेव्हाच होती."

"मग?"

"तुझी मुदत संपत आली होती. तू या महिन्यात केव्हातरी वळवणारच होतीस. मला वाटलं तुलाच दिसू दे." त्याने खरवडणं थांबवलं. "उद्या सकाळी ते जाहीर करणारच होते. माझ्या हातात आणखी काही नव्हतं. म्हणून सकाळी जरा... चहा वगैरे."

"म्हणजे तुम्हा लोकांचा शोध होता तो."

"हो. साहेब तेच म्हणाले. बऱ्याच मोठ्या आवाजात."

मी दिवसभर त्याच्यासाठी जे जे शब्द जमवून आणले होते ते सगळे फुकट गेले. माझी कीव केली म्हणून मी चिडले होते, आणि हा स्वतःच्या गटात मूर्ख ठरून, सरळ दिसणाऱ्या गोष्टीला दिसत नाही म्हणत, माझ्यासाठी जागा धरून बसला होता. माझं त्याच्यावर प्रेम आहे हे मला माहीत होतं. इतकं आहे हे नव्हतं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, माझी खुर्ची सोडून.

सासूबाईंना हे सगळं पटलेलं दिसेना. "परवापासून माहीत होतं आणि हिला बोलला नाहीस?" त्या लेकावर कडाडल्या. "बायकोचं एवढं मोठं नुकसान, आणि तू साखर-लोणी खेळत बसलास?"

"आई, नियम तुझाच आहे," तो म्हणाला.

"नियम तुमच्या कामासाठी केला होता. ही काय कामाची गोष्ट आहे?" त्या उठल्या, आम्हा दोघांच्या पुढ्यात ताटल्या आपटून ठेवल्या, आणि त्या दिवशी टेबलावर पहिल्यांदा आकाशाच्या गप्पा झाल्या. त्याने त्याची उडी मला मोबाईलवर दाखवली, चार-दोन ठिपक्यांची, कुणालाही धूळ वाटावी अशी. मी माझी दाखवली. "काय सुंदर आहे गं," तो म्हणाला. मला कबूल करावं लागलं. इतकी स्वच्छ उडी मी कुणाच्याच कृष्णविवरावर, म्हणजे कशावरच, पाहिली नव्हती. सासूबाईंनी दोन्ही बघितल्या, तो तारा नेमका केवढा, त्यावर साचतं काय, पेटतं कशाने, सगळं दोनदोनदा विचारून घेतलं आणि झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले, तर दार अर्धवट उघडं आणि सासूबाई बाहेर जिन्यात शेजारच्या काकूंशी बोलत उभ्या.

"अहो, सगळं जग त्याला कृष्णविवर समजत होतं," त्या सांगत होत्या. "पुस्तकातसुद्धा तसंच छापलेलं. आमच्या सुनेने काल शोधून काढलं, ते कृष्णविवर नाहीच मुळी."

"अगंबाई! मग इतकी वर्षं ते कृष्णविवर आहे म्हणून कोण सांगत होतं?"

"होती कुणीतरी अर्धवट," सासूबाई म्हणाल्या. "वजनसुद्धा न करता सांगत सुटली होती."

शेजारच्या काकू हळहळत आत गेल्या. मी दार पूर्ण उघडलं. "आई, ती अर्धवट मीच."

"माहितीये मला," त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर नीट केली. "पण ते शेजाऱ्यांना कशाला सांगायचं?"